पहाटे वीज गेली तर: बॉल पायथनची अंडी उबेत कशी ठेवावीत

कोकणात म्हणावी तशी थंडी पडत नाही, त्यामुळे हिवाळ्यात अंड्यांची खास तयारी करावी असं फारसं कुणाला वाटत नाही. किनाऱ्यावर जानेवारीतही दुपारी पारा ३० च्या आसपास असतो. त्या वेळी वीज तासभर गेली तरी चिंता नको. खरा प्रश्न पहाटेचा. मतलई वारे सुटले की रत्नागिरी-मालवणकडे १८ ते २० अंश होतात, दापोलीच्या बाजूला त्याहूनही कमी. बॉल पायथनच्या (घरी पाळल्या जाणाऱ्या या विदेशी अजगराच्या) अंड्यांना मात्र ३१ ते ३२ अंश लागतात, तेही ५५ ते ६० दिवस.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा: काही तासांच्या गारव्याने अंडी सहसा मरत नाहीत, घाबरून दिलेल्या उष्णतेने मरतात. तापमान चार-पाच तास २५ पर्यंत उतरलं तर गर्भाची वाढ मंदावते, पिल्लं एखाद-दोन दिवस उशिरा बाहेर येतात, एवढंच. उलट ३४ च्या वर गेलं की पाठीचे कणे वाकडे होतात आणि ३६ च्या पुढे गर्भ दगावतात. म्हणून वीज गेल्यावर घाई करू नका. तयारी मात्र अंडी घालायच्या आधीच झालेली हवी.

पेटी म्हणून मासळीचा थर्माकोलचा खोका उत्तम. साधारण ५० × ३५ × ३० सेंटिमीटरचा, एक इंच जाडीचा घ्या. बाजारात मागितला तर सहज मिळतो. साबणाने धुऊन दोन दिवस उन्हात ठेवा, नाहीतर वासापाठोपाठ माशा आणि मुंग्या येतात. तळाशी एक लिटरच्या आठ बाटल्या पाण्याने भरून आडव्या ठेवा आणि त्या कायम तिथेच असू द्या. वीज असताना त्या ३१ अंशांपर्यंत तापतात, वीज गेली की तीच ऊब हळूहळू परत देतात. हिशेब असा: बाहेर १९ अंश असताना अशा खोक्यातून सुमारे १२ वॅट उष्णता बाहेर जाते. आठ लिटर पाणी असेल तर आतलं तापमान ३१ वरून २७ वर यायला साडेतीन ते पावणेचार तास लागतात. बाटल्या नसतील तर तेवढ्याच घसरणीला तासही लागत नाही. झाकणाच्या फटी चिकटपट्टीने बंद करा, वर गोधडी टाका. हवेसाठी एका बाजूला पेन्सिलीएवढी दोन भोकं उघडी ठेवा.

बाटल्यांवर जाळी, जाळीवर अंड्यांचा डबा. डब्यात व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज) आणि पाणी समान वजनाने मिसळा, २०० ग्रॅमला २०० मिलिलिटर. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये. अंडी घातल्यावर दिवसभरात गर्भ कवचाला चिकटतो, म्हणून वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा आणि नंतर अंडं फिरवू नका. एकमेकांना चिकटलेली अंडी ओढून सोडवू नका, झुबका तसाच ठेवा.

२० वॅटचा हीट पॅड फरशीच्या तुकड्यावर चिकटवून एका भिंतीशी उभा करा, म्हणजे थर्माकोल वितळणार नाही. १२ व्होल्टचा पॅड आणि १२ व्होल्टचाच थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला पॅड चालू-बंद करणारं उपकरण (डब्ल्यू १२०९ हे मॉडेल स्वस्तात मिळतं) घेतला तर दोन्ही थेट बॅटरीवर चालतात. सेन्सरचं टोक अंड्यांच्या डब्यात, अंड्यांच्या उंचीवर टेपने पक्कं करा. सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं: टोक निसटून खोक्याबाहेर आलं की थर्मोस्टॅटला गार वाटतं, पॅड चालूच राहतो आणि अंडी भाजतात.

७ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ८४ वॅट-तास असतात. त्यातले निम्मे वापरावेत, म्हणजे वरच्या १२ वॅटच्या हिशेबाने साधारण साडेतीन तास. वीज गेल्या गेल्या बॅटरी जोडू नका. आधी बाटल्यांना काम करू द्या, आतला पारा २८ वर आला की बॅटरी जोडा आणि थर्मोस्टॅटही २८ वरच लावा. घरचा इन्व्हर्टर असेल तर ही सगळी यातायात नको, पॅड त्यावर लावा.

बॅटरीही संपली तर कोमट पाणी. एक भाग उकळतं आणि चार भाग नळाचं पाणी मिसळलं की ४० अंशांच्या जवळपास येतं. अशी एक लिटरची एक बाटली डब्यापासून दूरच्या कोपऱ्यात ठेवा. ती तासाभराहून थोडी जास्त पुरते. उकळत्या पाण्याची बाटली कधीही ठेवू नका. एकच लिटर आतलं तापमान आठ अंशांनी चढवू शकतं, आणि तिच्या शेजारच्या अंड्यांची अवस्था त्याहून वाईट. चुलीचा वैल, कोळशाची शेगडी, मेणबत्ती हेही नको. अंडी कवचातून श्वास घेतात, धुरात गुदमरतात. शिवाय थर्माकोल पेट घेतो.

दर वेळी झाकण उघडून बघू नका, तापमापकाचा आकडा बाहेर दिसेल अशी सोय करा.

हे सारं नोंदणी केलेल्या विदेशी सापांपुरतंच. बॉल पायथन पाळायचा तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद हवी, आणि पिल्लं झाली की तीही कळवावी लागतात. परसात किंवा शेणकीत देशी सापाची अंडी सापडली तर ती घरी आणू नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावरची कासवाची अंडी तर वाळूतच सुरक्षित असतात. दीड फूट खोलीवरच्या वाळूत रात्रीचा गारवा फारसा पोचतच नाही.

वीज आली की तापमान सावकाश वर येऊ द्या. या वेळी डब्याच्या झाकणाला आतून दव धरतं, ते पुसून घ्या. थेंब अंड्यांवर पडले तर तिथे बुरशी येते. अंडी पोचट (चेपल्यासारखी) दिसली तर दोन-तीन चमचे कोमट पाणी डब्याच्या कडेने सोडा, अंड्यावर नको. मात्र शेवटच्या आठवड्यातला पोचटपणा नैसर्गिक असतो, तेव्हा पाणी वाढवू नका. तीन दिवसांनी अंधारात मोबाइलचा टॉर्च अंड्याला टेकवा. लाल शिरा ठळक दिसल्या तर गर्भ जिवंत आहे. आत पिवळट, शिरांविना दिसलं तरी ते अंडं लगेच काढू नका. बुरशी धरली किंवा वास आला, आणि ते झुबक्यातून सहज सुटत असेल, तरच काढा.