रोजचे वाचन आणि संतांचे सण : घरी उपासनेचा नेम कसा बसवावा

आगमनकाळाच्या (नाताळापूर्वीच्या तयारीच्या आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान, कॅथलिक चर्चचे उपासना वर्ष सुरू होते, आणि घरात रोजच्या वाचनाचा नेम बसवायचा असेल तर त्याच रविवारी आरंभ करणे सोयीचे पडते. बेळगाव-खानापूर भागात त्या सुमारास भाताची सुगी उरकत आलेली असते, दिवस लहान झालेले असतात आणि तेर्सासाठी, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेसाठी, सगळे घर एका खोलीत जमण्याची शक्यता पावसाळ्यापेक्षा जास्त असते. अर्थात मधल्याच एखाद्या मंगळवारी सुरुवात केली तरी काही बिघडत नाही.

पहिले काम वर्ष ओळखण्याचे. रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने फिरतात : ‘अ’ वर्षी मत्तयाचे शुभवर्तमान (येशूचे जीवन व शिकवण सांगणारे पुस्तक), ‘ब’ वर्षी मार्काचे, ‘क’ वर्षी लूकचे, आणि योहानाचे मुख्यतः प्रायश्चित्तकाळात (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात) व पास्काकाळात (ईस्टर व त्यानंतरच्या आठवड्यांत). सनाला ३ ने भागावे. बाकी १ उरली तर ‘अ’, २ उरली तर ‘ब’, काहीच उरले नाही तर ‘क’. त्यानुसार २०२६ हे ‘अ’ वर्ष ठरते, मात्र ते ३० नोव्हेंबर २०२५ रोजीच लागले. सोमवार ते शनिवार या दिवसांचा हिशोब निराळा आहे. शुभवर्तमान दरवर्षी तेच असते. सामान्यकाळातले, म्हणजे नाताळ व ईस्टर यांच्याभोवतीचे काळ सोडून उरलेल्या आठवड्यांतले, शुभवर्तमानाआधीचे पहिले वाचन आणि स्तोत्र तेवढे विषम व सम सनांप्रमाणे बदलते. एका वर्षी मी वहीत सन लिहिताना चुकलो आणि राखेच्या बुधवारापर्यंत, म्हणजे प्रायश्चित्तकाळ लागेपर्यंत, घरी एक वाचन व चर्चमध्ये दुसरे, असा प्रकार चालू राहिला. शुभवर्तमान दोन्हीकडे जुळत असल्यामुळे तो कोणाच्या लक्षातही आला नाही.

सामान्यकाळातल्या आठवड्याच्या दिवसांत पहिले ९ आठवडे मार्क, १० ते २१ मत्तय आणि २२ ते ३४ लूक असा क्रम असतो. आपल्याकडच्या ऋतूंत सांगायचे तर मृगाच्या सुमारास मत्तय सुरू होतो आणि गणपतीच्या आगेमागे लूक.

बायबल घेतानाही एक गोष्ट पाहून घ्यावी. आपल्याकडे पुष्कळ घरांत असलेले मराठी ‘पवित्र शास्त्र’ ६६ पुस्तकांचे असते, तर कॅथलिक बायबल ७३ पुस्तकांचे आहे. त्यामुळे तोबित, ज्ञानग्रंथ, सिराख किंवा मक्काबी यांतले वाचन आले की पाने उलटून उलटून माणूस थकतो आणि शेवटी आपलीच चूक समजून पुस्तक मिटतो. त्यासाठी कॅथलिक आवृत्तीच जवळ असावी.

आता संतांचे दिवस. सर्वांत मोठे ते महोत्सव, त्याखाली सण, त्याखाली स्मरणदिन, आणि काही स्मरणदिन ऐच्छिक असतात. महोत्सवाला आणि सणाला स्वतःची वाचने असतात. स्मरणदिनाला मात्र बहुतेक वेळा चालू आठवड्याचेच वाचन पुढे न्यायचे असते. नवशिके नेमके इथे घसरतात, कारण प्रत्येक संतासाठी वेगळा उतारा शोधण्याच्या उत्साहात सलग चाललेले शुभवर्तमान तुटते आणि हाती नुसते तुकडे उरतात. माझ्या मते आधी त्या दिवसाचे शुभवर्तमान वाचावे, आणि मग त्यातले एखादे वचन या संताने कसे जगून दाखवले ते पाहावे.

उदाहरणार्थ, १३ जूनचा संत अँथनी. हरवलेल्या किल्ल्या शोधण्यासाठी त्याला साकडे घालणारे आपल्याकडे घरोघरी आहेत, आणि त्यात गैर काही नाही. पण या दिवसांत मत्तयाच्या पाचव्या अध्यायातले येशूचे डोंगरावरचे प्रवचन वाचनात येते, आणि तिथे ‘तुमचे बोलणे होय तर होय, नाही तर नाही, एवढेच असावे’ अशा अर्थाचे वचन आहे. अँथनी हा १२३१ साली वारलेला विख्यात प्रवचनकार. १२६३ साली त्याची शवपेटी उघडली तेव्हा त्याची जीभ अविकृत आढळली आणि ती आजही इटलीतल्या पादुआ येथे जतन केलेली आहे. ते वचन आणि ही जीभ शेजारी शेजारी ठेवली की मुलांना वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

स्मरणदिनाला चालू आठवड्याचेच वाचन घ्यायचे, या नियमाला अपवाद आहेत. २९ जुलैला मार्था, मरिया आणि लाजर यांचा, तसेच २९ ऑगस्टला योहान बाप्तिस्त्याच्या हौतात्म्याचा स्मरणदिन असूनही त्या दिवसांचे शुभवर्तमान स्वतंत्र आहे. साधा स्मरणदिन रविवारी आला तर त्या वर्षी तो गळतो. १५ ऑगस्टचा मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा महोत्सव मात्र रविवारी आला तरी साजरा होतो. या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने मांडून ठेवाव्यात, आणि हुतात्म्यांच्या तारखांभोवती लाल वर्तुळ काढावे, कारण त्यांच्या दिवशी वेदीवरचा रंगही लालच असतो.

प्रत्यक्ष बैठक पंधरा मिनिटांपेक्षा लांबवू नये. क्रूसाची खूण केल्यावर एकाने शुभवर्तमान सावकाश वाचावे, दोन मिनिटे शांत बसावे, तेच पुन्हा वाचावे आणि मग संताविषयी तीन वाक्ये बोलून तेर्साला लागावे. ज्याला जी लिपी सहज वाचता येते त्या भाषेत वाचन होऊ द्यावे. कन्नड माध्यमातल्या मुलाने कन्नडमधून वाचले आणि आजीने ‘नमान मारिये’ ही मरियेची प्रार्थना कोंकणीतूनच म्हटली, तरी आमच्या घरी ते कोणाला विचित्र वाटत नाही. आजीची प्रार्थना मराठीत आणण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नये.

एखाद्या दिवशी वीज गेली, पाहुणे आले किंवा कंटाळा आला म्हणून वाचन राहिले, तर दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचे एकदम उरकण्याचा हट्ट धरू नये. वहीत त्या तारखेची ओळ कोरी सोडावी आणि आजचे वाचन काढावे.