संडे स्कूल घेताय? या चुका टाळा

संडे स्कूलला, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गाला, नवीन शिक्षक आले की पहिल्या रविवारी मी एवढंच बघते, की "म्हणून मुलांनो, यावरून आपण काय शिकलो?" हे वाक्य कितव्या मिनिटाला येतं. पाचव्या मिनिटाला आलं, की समजायचं, उरलेला तास आता रेटायचाय.

साक्री तालुक्यातल्या एका मंडळीत (चर्चमध्ये) हरवलेल्या मेंढराचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, चालला होता. ताईंनी 100 मेंढरं, एक हरवलं, सापडलं, आनंद झाला असं उरकलं आणि थेट पश्चात्तापावर आल्या. मागे एक पोरगा बसला होता. त्याच्या शेतात दरवर्षी ठेलारी मेंढपाळांची मेंढरं बसतात. तो म्हणाला, "पन बाकीन्या मेंढ्या कोन देखी?" ताई म्हणाल्या, मध्ये बोलू नको. झालं, त्यानंतर वर्गात कोणी तोंड उघडलं नाही.

अहो, बायबलमधल्या लूकच्या 15व्या अध्यायात प्रभू येशूने हा दाखला सुरूच केलाय प्रश्नाने! 99 रानात सोडून एकाच्या मागे जाणार नाही असा तुमच्यात कोण आहे? पोरगा नेमका तिथेच पोचला होता. त्याला गप्प करून ताईंना कुठे जायची घाई होती कोण जाणे.

मी 100 चिंचोके नेते. मुलांना दहा-दहाचे ढीग लावायला सांगते आणि एक मुठीत दाबून ठेवते. शेवटच्या ढिगात नऊच निघाले, की "तूच ढापलास" सुरू होतं, सतरंजी झटकली जाते, खिसे उलटे होतात. गोष्ट त्यानंतर. चिंचोका सापडल्यावर जो गलका होतो, त्यापुढे आनंद वेगळा समजावावा लागत नाही.

दुसरी चीड बक्षिसाच्या गोळ्यांची. नवख्यांना हा शॉर्टकट फार आवडतो, कारण पहिल्याच रविवारी भराभर हात वर येतात. पण उत्तराला गोळी लावली की मुलं प्रश्न ऐकतच नाहीत. तारू कोणी बांधलं? "येशू!" गल्याथाला कोणी पाडलं? "येशू!" खरी उत्तरं नोहा आणि दावीद. द्यायचीच असेल तर घरी जाताना सगळ्यांना द्या.

मोबाइलवर कार्टून लावू नका. पुढचे चौघे बघतात, मागचे चिमटे काढतात.

घरी अहिराणी नाहीतर मावची बोलणाऱ्या पाच वर्षांच्या लेकराला 'नीतिमान' ऐकवू नका.

येशूला बघायला उंबरावर चढलेला बुटका जक्कय शिकवताना जवळ उंबर असेल तर तिथेच न्या. चढू द्यायचं की नाही, ते आईबापांना विचारून ठरवा.

भावांनी खड्ड्यात टाकलेल्या योसेफाची गोष्ट तुकड्या-तुकड्यांनी सांगू नका. दिवाळीनंतर कितीतरी मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. त्यांचा योसेफ मग उन्हाळ्यापर्यंत खड्ड्यातच राहतो.

आणि मे महिन्यात भरदुपारी पत्र्याखाली व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) घेणाऱ्यांना काय म्हणावं! जळगाव-भुसावळकडे पारा 45 ला टेकलेला असतो. सकाळी सातला सुरू करा, साडेनऊला पोरं घरी. माठ भरलाय का, ते प्रार्थनेआधी बघा.