'पार्कलँड' मराठीत आणताना या चुका टाळा

शब्दकोशात 'पार्क' म्हणजे उद्यान दिसलं की अनुवादाला नवी आलेली पोरं तेच उचलतात आणि पुढच्या ओळीला लागतात. वाक्य शेवटपर्यंत वाचायची तसदी कोण घेणार!

मुलांच्या एका भूगोल पुस्तिकेत कॅनडातल्या 'ॲस्पेन पार्कलँड'चं 'ॲस्पेन उद्यान' झालं होतं. उत्तरेचं घनदाट जंगल आणि दक्षिणेची प्रेअरी, म्हणजे सपाट गवताळ प्रदेश, यांच्या मधला हा पट्टा अल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा या तीन प्रांतांत पसरलाय. गवत, मधेच ॲस्पेनच्या झाडांचे झुपके, पुन्हा गवत. एडमंटन शहर यातच येतं. चित्रकाराकडे फक्त मराठी मजकूर गेला. त्यानं इमानदारीत कारंजं, घसरगुंडी आणि फाटकावर वेळेची पाटी काढली. छपाईच्या प्लेटा निघाल्यावर प्रूफ बघणाऱ्या मुलीनं विचारलं, "सर, ही बाग तीन राज्यांत कशी काय?" प्लेटा भंगारात गेल्या. त्याच पानावर बायसन या तिकडच्या रानबैलाचा 'गवा' केला होता, ते वेगळंच. दाजीपूरचा गवा तिकडे कशाला जाईल?

मी आधी तीन गोष्टी बघतो: झाडं कुणी लावली, गवतावर काय चरतं, आत जायला तिकीट लागतं का. मग सरळ 'विरळ झाडीचं गवताळ रान' लिहितो आणि पहिल्यांदा मूळ शब्दही देवनागरीत देतो. लांबतं, लांबू दे.

हे सगळीकडे चालत नाही. इंग्लंडच्या मजकुरात पार्कलँड म्हणजे बऱ्याचदा जमीनदाराच्या हवेलीभोवतीचं राखलेलं आवार: चराऊ गवत, सुटे ओक, हरणं. अठराव्या शतकात लान्सलॉट ब्राऊन या बागरचनाकारानं अशी आवारं इतकी बेमालूम मांडली की ती नैसर्गिकच वाटतात. तिथे 'रान' लिहिलंत तर त्याची मेहनत पाण्यात. पश्चिम आफ्रिकेत तर ते चक्क शेत असतं, ज्वारी-बाजरीत राखलेल्या शिया नावाच्या झाडांचं.

'गायरान' लिहू नका. तो महसुली शब्द, वाचकाला आधी अतिक्रमणाची नोटीस आठवते.

'माळ'ही नको. झाडं कुठायत? पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर एकदा फिरून या.

'देवराई' म्हणजे अगदीच दुसरं टोक, गच्च झाडी.

उलटी चूकही होते. कोल्हापुरातल्या ताराबाई पार्क, नागाळा पार्क या वस्त्या आहेत. एकानं पाहुण्यांच्या पत्रिकेत 'ताराबाई उद्यान' छापलं. रिक्षावाले काय करणार? तिथलाच हुतात्मा पार्क मात्र खरंच बाग आहे, तिथे खुशाल उद्यान लिहा.