कापडी कोलाजमध्ये काळ्या स्त्रीचा चेहरा कसा करायचा

अमेरिकन आर्टिस्ट बिसा बटलर काळ्या माणसांची कापडी पोर्ट्रेट करतात, ती बघून बरेच जण उत्साहाने बसतात आणि चेहऱ्यापाशी अडकतात. मी सुरुवातीला सोजर्नर ट्रूथ यांचा १८६४चा फोटो घ्यायला सांगते, पांढरी टोपी, शाल, हातात विणकाम. गुलामीत जन्मलेल्या या बाई स्वतःचे असे फोटो विकून गुलामीविरोधी आणि स्त्रीहक्कांच्या आपल्या कामासाठी पैसे उभे करायच्या, आपण कसं दिसायचं ते त्यांचं त्यांनी ठरवलं होतं, त्यामुळे प्लीज त्यांना गोड हसवू नका.

फोटो मोठा प्रिंट करून कॅनव्हासवर ट्रेस करा. टोपी, शाल सोपी आहेत, कापा आणि ठेवा.

आता चेहरा. मलाही इथेच सगळ्यात जास्त झगडावं लागलं. सगळीकडे सल्ला एकच, ब्राऊनच्या तीन-चार शेड आणा. अजिबात आणू नका, चेहरा मातीच्या गोळ्यासारखा सपाट होतो. बघणाऱ्याला रंग नाही, गडद-उजळ फरक चेहरा दाखवतो. फोटो एडिटिंग अॅपमध्ये पोस्टराइझ करून (म्हणजे बारीक छटा काढून मोजकेच सपाट टोन ठेवून) पाच टोन पाडा, नंबर द्या. मग जवळचे सगळे तुकडे पसरून मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा आणि त्यावरूनच तुकडे पाच ढिगांत लावा, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, लाल हमखास फसवतो, भडक दिसतो म्हणून उजळ वाटतो पण बहुतेक वेळा गडदच निघतो. गडद जागी नेव्ही, जांभळा, वाइन. मधे राणी, विटकरी. कपाळ, गालाचं हाड आणि नाकाच्या शेंड्यावर केशरी, पिवळा. शुद्ध काळा नको, तिथे भोक पडल्यासारखं दिसतं. आणि कोणी म्हणालं की चेहरा जरा उजळ करा, तर ऐकायचं नाही म्हणजे नाही! १९६८मध्ये शिकागोत सुरू झालेल्या आफ्रिकोब्रा या काळ्या कलाकारांच्या ग्रुपने काळ्या चेहऱ्यांसाठी असेच झगझगीत रंग अभिमानाने वापरले, बटलर यांच्या कामातही तोच वारसा आहे.

पश्चिम आफ्रिकेतलं वॅक्स प्रिंट, म्हणजे भडक रंगांचं छापील सुती कापड, मिळालं तर उत्तम, पण त्याची मोठी डिझाइन शालीला, चेहऱ्याला बारीक प्रिंटच, नाहीतर नाकावर अख्खं फूल येतं. सगळे तुकडे मांडून, लांबून बघून मगच फेविकॉल, तोही फक्त कडांना, कारण नंतर सुई जायला हवी. धावदोरा गालाच्या गोलाईने घाला.

हातातल्या विणकामाला खरी लोकर लावा.

बॉर्डरला मी कवंदी या गोधडीची पद्धत घेते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, त्या ही गोधडी बाहेरच्या कडेपासून आत शिवत येतात आणि कोपऱ्यांना घडीचे छोटे तुकडे लावतात, त्यांना फुला म्हणतात. कोणाला दाखवताना हे त्यांचं आहे हे नक्की सांगा, आणि चारही फुला लावल्याशिवाय काम भिंतीवर चढवू नका.