सी कयाकवर बचावाचं सामान लावताना या चुका टाळा

थंडीत पानशेतला आम्ही मुद्दाम कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, उलटी करून सराव करतो. तिथेच माझी चूक मला कळली. होडीतलं पाणी उपसायचा पंप होता, पॅडल फ्लोट (परत चढताना आधार म्हणून वल्ह्याच्या टोकाला लावायचा तरंगता फुगा) होता, पण दोन्ही मागच्या हॅचमध्ये, म्हणजे सामानाच्या बंद कप्प्यात, झाकणाखाली. मी पाण्यात, एक हात होडीवर, दुसऱ्यात वल्हं. झाकण कोण उघडणार? धरणाच्या शांत पाण्यात निभावलं. दिवेआगरच्या लाटांत ते झाकण उघडलं असतं, तर कप्प्यात पाणी भरून होडीचा मागचा भाग खाली बसला असता.

म्हणून पाण्यात पडल्यावर जे लागणार, ते झाकणाखाली नकोच. पॅडल फ्लोट आणि पंप सीटच्या मागे किंवा पुढच्या डेकच्या (होडीच्या वरच्या पाठीच्या) आतल्या बाजूला, हात लांबवला की सापडेल असे ठेवा. फक्त डेकवरच्या ताणल्या जाणाऱ्या बंजी दोराखाली खुपसून भागत नाही, किनाऱ्याजवळची फुटणारी लाट ते सहज उपसून नेते. एका हाताने सुटणारी क्लिप लावा. मात्र लांब दोऱ्या लोंबत ठेवू नका, होडीतून बाहेर पडताना पाय अडकतो.

दोन तुकड्यांत सुटणारं जास्तीचं वल्हं बरेच जण मागच्या डेकवर बांधतात. पोटावर सरकत होडीत परत चढताना ते आडवं येतं. मला पुढच्या डेकवरच बरं वाटतं. तिथे लाटांचा मारा जास्त, म्हणून दोन्ही तुकडे दोन-दोन ठिकाणी पक्के अडकवायचे.

आता ज्यावर मी कधीच तडजोड करत नाही ते. शिट्टी, चाकू आणि संपर्काचं साधन होडीवर नाही, लाइफ जॅकेटवर. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हातातून सुटलेली रिकामी होडी तो पोहणाऱ्यापेक्षा वेगाने आत नेतो, आणि तिच्यावर बांधलेलं सगळं तिच्याबरोबर जातं. फोन वॉटरप्रूफ पाउचमध्ये असला तरी ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, हे घरी बादलीत हात बुडवून करून पाहा. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आधीच सेव्ह करा. व्हीएचएफ रेडिओ (बोटींवर वापरतात तो वायरलेस) असेल तर संकटाच्या हाकेसाठी चॅनल १६.

एक अडचण खास आपल्या पुणेकरांची. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. इथे हॅच घट्ट बंद करून ताम्हिणी उतरलात, की बाहेरचा दाब वाढतो, कप्प्यातली हवा मात्र पुण्याचीच राहते. रबरी झाकण आत ओढलं जातं, नखं तुटली तरी निघत नाही. उन्हात तापलेली होडी पाण्यात घातली की हेच होतं. यासाठीच बऱ्याच कयाकच्या आतल्या आडव्या भिंतीला टाचणीएवढं भोक असतं. ‘गळती’ समजून ते एम-सीलने बुजवणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून बुजवू नका, उलट वाळू अडकली असेल तर बारीक तारेने मोकळं करा. किनाऱ्यावर पोचल्यावर आधी झाकणाची एक कड उचला, मग सामान भरा.

पाणी, डबा अशा जड वस्तू तळाशी, सीटच्या जवळ. टोकांना वजन गेलं की होडी वळत नाही.

निघण्याआधी वाळूवरच होडीत बसा, डोळे मिटा आणि सोबत्याला एकेक नाव घ्यायला सांगा: पंप, फ्लोट, शिट्टी, चाकू. चाचपडावं लागलं तर ती जागा चुकीची. आम्ही हे दर वेळी करतो, दर वेळी काहीतरी हलवावं लागतंच.

परतल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुवा. चाकू म्यानातून काढून वाळवा. खाऱ्या पाण्यासकट म्यानात राहिला, तर पुढच्या वेळी गंजाने चिकटून बसलेला मिळतो.