कॅम्पर व्हॅनमध्ये दुसरी बॅटरी कशी बसवावी : खानदेशच्या उन्हाचा विचार करून

गाडी सुरू करणारी बॅटरी आणि रात्री फ्रीज-पंखा चालवणारी बॅटरी, दोघींचं काम वेगळं. सेल्फ मारताना दोन-तीन सेकंद शेकडो अँपिअर लागतात. फ्रीजला चार-पाचच लागतात, पण रात्रभर. मूळ बॅटरीवरच फ्रीज लावला तर सकाळी तोरणमाळच्या थंडीत सेल्फची नुसती टकटक ऐकू येते. म्हणून राहण्याच्या सोयीसाठी वेगळी बॅटरी ठेवायची आणि चालत्या गाडीत ती डायनामोवरून चार्ज करून घ्यायची.

आधी हिशोब

जळगाव-भुसावळचा मे महिना धरून मोजा, कारण पारा ४५ अंशांच्या आसपास असताना फ्रीजचा कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. ४०-४५ लिटरचा १२ व्होल्टचा फ्रीज साधारण ५० वॉट घेतो. दिवसातला साठ टक्के वेळ तो चालला, तर ७२० वॉट-अवर, म्हणजे १२ व्होल्टनं भागून ६० अँपिअर-अवर झाले. १५ वॉटचा पंखा दहा तास चालला की साडेबारा, एलईडी दिवे चार, मोबाइल आणि लॅपटॉप आठ. एकूण सुमारे ८५.

१०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हा भार एक दिवस पेलते. लेड-अ‍ॅसिड निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं, त्यामुळे तेवढ्याच कामाला १८० अँपिअर-अवरची लागेल. घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्यूबलर बॅटरी उचलून गाडीत ठेवू नका. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते आणि वळणावळणाच्या घाटात तिच्यातलं अ‍ॅसिड सांडतं. बंद गाडीत, झोपायच्या जागेशेजारी, हा धोका पत्करण्यासारखा नाही.

रिले की डीसी-डीसी चार्जर?

जुन्या गाड्यांत व्होल्टेजवर चालणारा रिले पुरायचा. इंजिन सुरू झालं, व्होल्टेज १३.३ च्या वर गेलं, की तो दोन्ही बॅटऱ्या जोडायचा. बऱ्याच बीएस-६ गाड्यांमध्ये मात्र डायनामोचं व्होल्टेज कॉम्प्युटर ठरवतो. मूळ बॅटरी भरली की ते साडेबारापर्यंत खाली येतं आणि रिले सुटतो. गाडी चार तास चालते, पण मागची बॅटरी भरत नाही. शिवाय लिथियम बॅटरी रिलेवर थेट जोडली तर डायनामो देईल तेवढा करंट ती ओढते. ट्रॅफिकमध्ये इंजिन मंद चालू असताना डायनामोचा पंखाही हळू फिरतो आणि वाइंडिंग जळू शकतं.

म्हणून डीसी-डीसी चार्जरच घ्या. येणारं व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी तो बॅटरीला हवं तेच देतो आणि करंटला मर्यादा घालतो. डायनामोवरची पाटी वाचा. तो ९०-१२० अँपिअरचा असेल तर ३० अँपिअरचा चार्जर चालतो. छोट्या गाडीत डायनामो ६०-७० चा असेल तर २० च्या वर जाऊ नका, कारण त्याला एसी आणि हेडलाइटही पोसायचे असतात. आणि गाडी १२ व्होल्टची आहे की २४ ची, हे विकत घेण्याआधी तपासा.

केबल : इथे काटकसर नको

बहुतेक जोडण्या फसतात त्या इथे. ३० अँपिअर देणारा चार्जर डायनामोकडून ३८-४० घेतो. बॅटरीपासून चार्जर पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबं झालं. १० स्क्वेअर एमएमच्या केबलमध्ये तेवढ्यात ०.७ व्होल्ट गळतं, १६ मध्ये ०.४४, २५ मध्ये ०.२८. गळती जास्त असली की चार्जरला वाटतं गाडीची बॅटरी उतरली, आणि तो बंद पडतो. भार जाताच व्होल्टेज वर येतं, तो पुन्हा सुरू होतो. दर मिनिटाला चालू-बंद होणारा चार्जर दिसला तर चार्जर बदलण्याआधी केबल आणि जोड पाहा. १६ ही किमान, २५ उत्तम. केबल मल्टिस्ट्रँड शुद्ध तांब्याची हवी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त केबल नको. टोक चाकूनं खरवडलं की आतला पांढरा रंग लगेच दिसतो.

जोडणी

१. इंजिन बंद करा, किल्ली काढा, मूळ बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडवा. उलट क्रमानं गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो.

२. नवी बॅटरी सीटखाली किंवा मागच्या कपाटात, पत्र्यापासून थोडी वर, पट्ट्यांनी घट्ट बांधा. बॉनेटखाली नको. लेड-अ‍ॅसिडचं आयुष्य दर दहा अंश वाढीला साधारण निम्मं होतं, आणि लिथियमचा बीएमएस (बॅटरीतलं संरक्षण-सर्किट) ठरावीक तापमानाच्या वर चार्जिंगच तोडतो. उन्हात उभ्या गाडीत दुपारी ही मर्यादा सहज गाठली जाते.

३. चार्जर नव्या बॅटरीजवळ उभा बसवा, चारी बाजूंनी दहा सेंटिमीटर हवा सोडा. बरेच चार्जर ४० अंशांनंतर आपणहून करंट कमी करतात. मे महिन्यात ३० च्या जागी २० मिळाले तर तो बिघाड नाही, गरम हवा कोंडली आहे.

४. मूळ बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून २० सेंटिमीटरच्या आत ६० अँपिअरचा फ्यूज. नव्या बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ ४० चा. दोन्ही टोकांना बॅटऱ्या आहेत, त्यामुळे फ्यूजही दोन. फ्यूज केबल वाचवतो, चार्जर नाही. तो चार्जरपाशी लावला तर मधली सगळी केबल उघडी राहिली. घरातल्या एसी करंटचा एमसीबी इथे वापरू नका, डीसी करंटचा आर्क (ठिणगी) त्यात नीट तुटत नाही.

५. केबल फ्लेक्झिबल पाइपातून, सायलेन्सरपासून दूर न्या. पत्र्यातल्या प्रत्येक भोकात रबरी ग्रॉमेट घाला. थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, हायड्रॉलिक क्रिंपरनं दाबून घ्या. हातोडीनं चेपलेलं थिंबल सहा महिन्यांत सैल पडून तापतं.

६. अर्थसाठी बॉडीचा जाड भाग निवडा, रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्या, बोल्ट आवळून वर व्हॅसलीन लावा. मूळ बॅटरीच्या निगेटिव्हवर सेन्सर असेल तर तिथे काही जोडू नका, बॉडीवरच जोडा. नाहीतर गाडीचा कॉम्प्युटर चार्जिंगचा चुकीचा हिशोब करतो.

७. चार्जरची सिग्नल वायर अशा इग्निशन लाइनला जोडा जिच्यावर किल्ली चालू असतानाच १२ व्होल्ट येतात. मल्टिमीटर लावून खात्री करा.

८. सेटिंग बॅटरीच्या जातीप्रमाणे. लिथियमला १४.२ ते १४.४ व्होल्ट, इक्वलायझेशन (लेड-अ‍ॅसिडसाठीचं जास्त व्होल्टेजचं चार्जिंग) बंद. फ्यूज सगळ्यात शेवटी घाला.

तपासणी

इंजिन १५०० आरपीएमवर ठेवून मूळ बॅटरीच्या टोकांवर आणि चार्जरच्या इनपुटवर व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक म्हणजे कुठेतरी जोड कच्चा. अर्ध्या तासानं प्रत्येक थिंबलला हात लावा; जे चटका देतं ते पुन्हा क्रिंप करा. इंजिन बंद केल्यावर चार्जर झोपला का, तेही पाहा.

जळगावहून चोपडा-शिरपूर-शहादामार्गे तोरणमाळला जायला पाच तास लागतात, ३० अँपिअरनं ८५ अँपिअर-अवर तेवढ्यात भरून वर वेळ उरतो. पाटणादेवीला अडीच तासांत पोचाल, म्हणजे थोडी बॅटरी रिकामीच राहील. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत मात्र गाडी तीन-चार दिवस जागेवर उभी असते. तिथे डायनामो कामाचा नाही आणि नुसतं इंजिन चालू ठेवून चार्ज करणं म्हणजे डिझेल जाळून डायनामो तापवणं. त्यासाठी छतावर २०० वॉटचं सोलर पॅनल हवं. स्वच्छ उन्हात ते दिवसाला सुमारे ५० अँपिअर-अवर देतं. काळ्या मातीची धूळ रोज पुसली तर.

खडबडीत रस्त्यावरच्या पहिल्या फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल, तर लिथियम बॅटरी निम्म्या चार्जवर आणून तिचं निगेटिव्ह सोडवून ठेवा.