एमटीबीच्या पुढच्या एअर फोर्कची हवा: तयारीची यादी

एमटीबी म्हणजे माउंटन बाइक, आणि फोर्क म्हणजे तिच्या पुढच्या चाकाला धरणारा, खड्ड्यांत दबणारा दोन पायांचा चिमटा. आधी फोर्क हवेचाच आहे ना, ते बघा. फोर्कच्या डाव्या पायाच्या डोक्यावरची टोपी फिरवून काढली आणि मोटारसायकलच्या ट्यूबला असतो तसा व्हॉल्व्ह दिसला, तर हवेचा. तिथे नुसता प्रीलोडचा (स्प्रिंग आधीच किती दाबायची ते ठरवणारा) नॉब असेल तर आत स्प्रिंग आहे आणि पुढचं काहीच तुम्हाला लागू नाही. काही जुन्या फोर्कना खाली दुसरा व्हॉल्व्ह असतो. त्यांची हवा दोन्हीकडून वेगवेगळी भरतात, तेही या यादीत नाही.

व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा आहे म्हणून सायकल पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर नेऊ नका. आतली जागा फार लहान असते. कॉम्प्रेसरचा एक झटका तिला मर्यादेपलीकडे नेतो आणि सील जातं. पायपंपही नको, नोझल काढताना किती हवा गेली ते कळतच नाही. शॉक पंपच लागतो: हातात मावणारा, पेचानं बसणारा, थेंबथेंब हवा सोडायचं बटण असलेला. पंप कोणाकडून मागून आणणार असाल तर दर वेळी त्याच माणसाकडून आणा. दोन पंपांचे काटे एकसारखे दाखवत नाहीत आणि तुमच्या वहीतला आकडा फक्त एका पंपापुरता खरा असतो.

मोजपट्टी, वही, पेन. स्टँशनवर (फोर्कच्या वरच्या, आत-बाहेर सरकणाऱ्या गुळगुळीत नळीवर) रबरी ओ-रिंग नसेल तर एक झिप टाय, सैल बांधलेला. पुसायला जुन्या धोतराचा किंवा बनियनचा मऊ तुकडा घ्या. सोलापुरात टॉवेल हाताशी असतो, पण तो वापरू नका, त्याचे धागे सीलच्या कडेला अडकतात. हिपरग्याच्या बाजूनं फिरून आलेल्या सायकलवर काळ्या मातीची बारीक धूळ बसलेली असतेच. स्टँशन आणि व्हॉल्व्हभोवतीची जागा पुसल्याशिवाय टोपी काढायची नाही.

सायकल निदान अर्धा तास सावलीत उभी करा. हवा तापली की दाब वाढतो, आणि ती वाढ नगण्य नाही. जानेवारीच्या पहाटे १५ अंशांना लावलेले ८० पीएसआय मे महिन्याच्या दुपारी ४२ अंशांना ८९च्या आसपास जातात. उलटही तेच: इथे ४० अंशांत ८० लावून सायकल हिमालयात नेली, तर ५ अंशांच्या थंडीत नुसत्या तापमानानं काटा ७०वर येतो. ज्या वेळी चालवणार त्या वेळच्या हवेत लावा, लांब नेणार असाल तर तिथे पोचल्यावर पुन्हा लावा.

वजन पूर्ण सामानासह धरा. हेल्मेट, बूट, टूल आणि पाण्याची पिशवी भरलेली. उन्हाळ्यात इथे तीन लिटरशिवाय कोणी निघत नाही, म्हणजे तीन किलो तिथेच आले. लॉकआउट (फोर्क दबू न देणारा खटका) उघडा. टायरची हवा आधी बघून घ्या.

आता भरायचं. फोर्कच्या पायावरच्या तक्त्यात तुमच्या वजनासमोरचा आकडा बघा, शेजारी कमाल दाबही छापलेला असतो. पंप हातानं बसवा, पक्कड लावू नका. ५० पीएसआयपर्यंत भरा आणि थांबा.

थांबा आणि फोर्क दाबा. पंप लावलेलाच ठेवून हँडलवर वजन टाकून पाव प्रवासाइतका (प्रवास म्हणजे फोर्क एकूण जितका दबू शकतो ते अंतर), हळू, दहा वेळा. आत हवेच्या दोन खोल्या असतात. तुम्ही भरता ती वरची. खालची उलट बाजूनं दाबते आणि सुरुवातीचा मऊपणा तिच्यामुळे येतो. तिच्यात हवा जाते ती नळीच्या भिंतीतल्या एका छोट्या खाचेतून, आणि पिस्टन त्या खाचेवरून सरकला तरच. न दाबता भराल तर काटा ८० दाखवेल, पण खालची खोली अर्धी रिकामीच असेल. फोर्क दगडासारखा लागेल, मग पहिल्या चार खड्ड्यांत हवा खाली उतरेल आणि तुमचा आकडा रस्त्यातच बदलेल. दाबल्यावर काटा खाली आला म्हणजे गळती नाही, हवा जिथे जायची तिथे गेली. पुन्हा भरा, पुन्हा दाबा. काटा उतरायचा थांबेपर्यंत हेच.

हवा कमी करतानाही दाबायचंच. इथे तर जास्तच, कारण वरची हवा भसकन सोडली की खालच्या खोलीत जुना जादा दाब राहतो आणि तो फोर्कला आत ओढून धरतो. १०० मिलिमीटरचा फोर्क मग ८५-९०च उघडतो आणि माणूस सील खराब झालं म्हणून दुकानात धावतो. पाच-पाच पीएसआय सोडा, दाबा, हँडल वर ओढून फोर्क पूर्ण उघडू द्या. मगच काटा वाचा.

पंप काढताना फुस्स आवाज येतो ती नळीतली हवा. तपासायला परत पंप लावला तर नळी भरायला फोर्कमधली हवा जाते आणि काटा कमी दाखवतो. म्हणून उगाच लावून बघत बसू नका.

सॅग मोजा, म्हणजे नुसत्या तुमच्या वजनानं फोर्क किती दबतो ते. कोणीतरी सायकल धरावी, नाहीतर भिंतीला कोपर टेका. पेडलवर उभे राहा, ब्रेक नको, उसळी नको. ओ-रिंग सीलपर्यंत खाली सरकवा, हलक्यानं उतरा, मोजा. १०० मिलिमीटर प्रवासाच्या एक्ससी (क्रॉस-कंट्री) फोर्कला १५ ते २० मिलिमीटर, १२०च्या ट्रेल (जास्त खडबडीत वाटांच्या) फोर्कला २४ ते ३०. जास्त आला तर हवा भरा, कमी आला तर सोडा. आणि दोन्ही वेळा दाबा. दोन पीएसआयचा फरक असला तरी दाबा.

रिबाउंडचा (दबलेला फोर्क किती वेगानं परत उघडतो ते ठरवणारा) नॉब पूर्ण बंद करून तिथून क्लिक मोजा, तक्त्याप्रमाणे ठेवा. हवा बदलली की तोही बदलतो.

मुरमाच्या रस्त्यावर आणि दोन-चार स्पीडब्रेकरवर फेरी मारा. प्रवास पूर्ण संपत असेल तर थोडी हवा वाढवा, कधीच तीन चतुर्थांशाच्या पुढे जात नसेल तर कमी करा. दाबून.

आकडा, तापमान, सॅग, क्लिक आणि कोणाचा पंप ते वहीत लिहा. टोपी लावा.